सकपाळताईंची उरलेली पाच मिनिटं

ठाण्यातल्या एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाचा इतिहास लिहायचं काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं. संघ तेव्हा सहा महिन्यांचा होता. बारशालाच बाळाचं चरित्र लिहायला सांगावं तसा हा प्रकार. पण घोडबंदर रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात एसी चांगला होता आणि मुलं अदबीने बोलत होती. शिवाय मी डोंबिवलीत लग्नपत्रिका छापतो, त्यामुळे कुठल्याही घराण्याचं नाव मोठ्या टायपात छापायची मला सवय आहे. संघाचं नाव होतं क्रीक रायडर्स. तो दोन मोसम खेळला आणि बंद पडला. मी लिहिलेला इतिहास छापलाच गेला नाही. तो छापला न जाण्याचं कारण म्हणजे प्रमिला सकपाळ, आमच्या सकपाळताई. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. लोक त्यांना हेकट म्हणायचे. मीसुद्धा म्हणायचो. आता कोणी म्हटलं की मला राग येतो.

कल्याणच्या पलीकडे मोहन्याला, कारखान्याच्या जुन्या वसाहतीला लागून, बास्केटबॉलचं एक सिमेंटचं मैदान आहे. आमचं मंडळ तिथलं. नाव ‘झेप’. मुलं मोहन्याची, टिटवाळ्याची, एकदोघं तर पार दिव्याहून यायची. ताई या मंडळाच्या गुणलेखक. हा शब्द फक्त प्रमाणपत्रावर असायचा, बोलताना सगळे स्कोररच म्हणायचे. तरुणपणी त्या स्वतः खेळलेल्या. वसाहतीत मुलींचा संघ होता, त्यात. तो संघ का बंद पडला असं कोणी विचारलं की म्हणायच्या, “आम्हाला कोणी हरवलं नाही. लग्नांनी संपवली टीम.” स्वतःचं लग्न झाल्यावर मात्र तिसऱ्याच आठवड्यात त्या मैदानावर परत आल्या आणि खेळायला कोणी उरलं नव्हतं म्हणून टेबलावर बसल्या. तिथून मग उठल्या नाहीत.

त्यांचं टेबल बघण्यासारखं असे. टेबलावर चहा नाही, गप्पा नाहीत. दोन पेनं, एक लाल आणि एक निळं. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं. तसा नियमच आहे, पण आमच्या जिल्ह्यात तो पाळणाऱ्या त्या एकट्याच असाव्यात. कागदावर दोन्ही संघांचे गुण एकाखाली एक छापलेले असतात आणि बास्केट झाला की स्कोररने आकड्यावर तिरकी रेघ मारायची आणि शेजारी खेळाडूचा नंबर लिहायचा. लांबच्या रेषेबाहेरून टाकलेला तीनचा बास्केट असेल तर त्या नंबराभोवती गोल करायचा. सोपं काम वाटतं. मी एकदा शिकायला बसलो आणि पाच मिनिटांत दोन बास्केट हरवून बसलो.

“कुठे बघत होतास?” ताईंनी विचारलं.

“बॉलकडे.”

“बॉलकडे पब्लिक बघतं. आपण पंचाच्या हाताकडे बघायचं. बॉल आत गेला म्हणून पॉइंट होत नाही. पंचाने बोटं दाखवली की होतो, आणि आपण लिहिला की झाला. लिहिलं ते झालं. बाकी गप्पा.”

‘लिहिलं ते झालं, बाकी गप्पा’ हे त्यांचं पालुपद होतं. एकदा मी जरा चिडूनच विचारलं की ताई, एवढं काय त्या लिहिण्याचं? तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, “आमच्या आजोबांच्या तोंडच्या शब्दावर गावात कोणी विश्वास ठेवला नाही. आजोबांना लिहिता यायचं नाही. मला येतं. मी लिहिणार.” त्यांच्या घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती आणि त्याखालचं लोखंडी कपाट पूर्ण स्कोरशीटनी भरलेलं होतं. घरातले कपडे पलंगाखालच्या ट्रंकेत.

खेळाडूंना त्या नावाने हाक मारत नसत. टेबलावरून नंबर दिसतो, तेवढंच त्यांच्या दृष्टीने खरं. मी ‘अकरा’. मंडळ सोडून मला कितीतरी वर्षं झाली तरी बाजारात मागून “अरे अकरा” अशी हाक आली की मी हातातली पिशवी खाली ठेवून सरळ उभा राहायचो. माझ्या लग्नात स्टेजवर येऊन त्यांनी माझ्या बायकोला आहेराचं पाकीट दिलं आणि सांगितलं, “डावीकडून कच्चा आहे, पण पळायला कंटाळत नाही.” आजही घरात भांडण झालं की बायको पहिलं अर्धं वाक्य वापरते.

ताईंची नोकरी पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर. तिथेही त्यांचं टेबलच. चार दिवस पाणी नाही असं कोणी म्हटलं की त्या ‘चार दिवस’ लिहायच्या, मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि सही घ्यायच्या. एकदा कोणा वजनदार माणसाचा माणूस आला आणि आमच्या बिल्डिंगचा टँकर यादीत जरा वर घ्या म्हणाला. ताईंनी वही त्याच्याकडे फिरवली, पेन पुढे केलं.

“घ्या वर. तुमच्या हाताने घ्या. या तीन नावांच्या वर लिहा, आणि का वर घेतलं ते बाजूला लिहा. सही करा.”

तो माणूस वही बघत राहिला. मग म्हणाला, “राहू दे मॅडम, आम्ही बघतो.” ताईंनी वही परत आपल्याकडे फिरवली आणि रांगेतल्या पुढच्या बाईंना म्हणाल्या, “बोला.” हा किस्सा मला रांगेतल्या त्या बाईंनीच सांगितला, त्या माझ्या मावशी लागतात.

मंडळाच्या एका स्पर्धेला कोणी मोठे पाहुणे येणार होते. सामना सहाचा, पाहुणे सात झाले तरी वाटेत. आमचा कप्तान प्रकाश म्हात्रे पाहुण्यांच्या हस्ते चेंडू उडवायचा म्हणून हार घेऊन फाटकाशी उभा. इकडे सहाला ताईंनी दोन्ही संघांना आत बोलावलं, पंचांना घड्याळ दाखवलं आणि सामना चालू केला. पाहुणे आले तेव्हा तिसरा क्वार्टर चालू होता. म्हात्रे धावत टेबलापाशी आला, घामाघूम.

“ताई, पाहुण्यांच्या हस्ते बॉल उडवायचा होता ना.”

“उडून झाला. त्यांना म्हणावं बसा, शेवटचा क्वार्टर चांगला होईल.”

पाहुणे बसले. क्वार्टर खरंच चांगला झाला. पाहुण्यांनी भाषणात ताईंचं कौतुकही केलं, पण म्हात्रे तो हार हातात घेऊन उभा असल्याचा फोटो अजून मंडळाच्या कपाटात आहे.

आता त्या फायनलबद्दल सांगतो, कारण सगळं तिथेच अडलेलं आहे.

जिल्हा अजिंक्यपदाची फायनल, आमच्याच मैदानावर, समोर अंबरनाथचा संघ. तिसऱ्या क्वार्टरमध्ये बॉल माझ्याकडे कोपऱ्यात आला आणि मी उचलून टाकला. माझ्या आयुष्यात मी इतका सुरेख बॉल कधी टाकला नव्हता. उंच गेला, रिंगला शिवलासुद्धा नाही, जाळीतून सरळ खाली. पब्लिक ओरडलं. फळ्यावर आमचे तीन पॉइंट वाढले. माझा बूट मात्र तीनच्या रेषेवर होता. म्हणजे तो बास्केट दोनचा. मला ते टाकतानाच कळलं होतं. पण फळ्यावर तीन लागले आणि मी मान खाली घालून मागे पळालो. तरुण होतो, फायनल होती. ही काही सबब नाही, झालं ते सांगतोय.

सामना आम्ही एका पॉइंटने जिंकलो. बासष्ट-एकसष्ट. मैदानात पोरं घुसली, म्हात्रेला खांद्यावर घेतलं. तो पाच फाउल होऊन चौथ्या क्वार्टरलाच बाहेर बसला होता, पण खांद्यावर तोच. त्या गोंधळात पंचांनी कागदावर सही केली. अंबरनाथवाले टेंपोत बसून गेले. नंतर पंच बाकावर बसून बूट बदलत होते आणि मी शेजारी पाणी पीत होतो. ताई टेबल आवरत होत्या.

“तुझा तो कोपऱ्यातला दोनचा झकास होता,” पंच मला म्हणाले.

ताईंचा हात थांबला. “कितीचा?”

“दोनचा. मी दोन बोटं दाखवली ना. पाय रेषेवर होता त्याचा.”

ताईंनी कागद परत उघडला. माझ्या अकराभोवती लाल पेनाचा गोल होता. त्या माझ्याकडे बघतील म्हणून मी बाटलीत तोंड घालून बसलो, पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. पंचांना म्हणाल्या, “चूक माझी आहे. दुरुस्त करा. एकसष्ट-एकसष्ट आहे. अंबरनाथला परत बोलवा.” पंच चांगले गृहस्थ होते. त्यांनी समजावलं की सहीच्या आधी सांगितलं असतं तर नियमाने दुरुस्त झालं असतं, पाच मिनिटं ओव्हरटाइम झाला असता. सही झाली, संपलं. ताईंनी जिल्हा संघटनेला पत्र लिहिलं. तिकडूनही तेच उत्तर आलं, सही झालेला निकाल अंतिम. लिहिलं ते झालं, हे वाक्य त्यांच्यावरच उलटलं होतं.

पुढे बऱ्याच दिवसांनी मी त्यांना विचारलं की ताई, तुम्ही तर कधी पंचाचा हात सोडत नाही, त्या दिवशी काय झालेलं?

त्या म्हणाल्या, “बॉलकडे बघितलं. इतका छान टाकलेलास. मी पण खेळलेले ना रे.”

माझा पाय रेषेवर असल्याचं मला माहीत होतं, हे मी त्यांना तेव्हाच सांगून टाकलं. त्यांनी ते झटकलं. खेळाडूने आपला पाय बघायचा नसतो, तो पंचाने बघायचा आणि पंचाचा हात स्कोररने बघायचा, असं त्यांचं म्हणणं. त्या साखळीत जी कडी तुटली ती त्यांची होती आणि ती दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकायला त्या तयार नव्हत्या.

मंडळाची वार्षिक सभा असते. अहवाल, मंजुरी, आभार, आणि सगळ्यात शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. त्या विषयापर्यंत बटाटेवड्याचा वास आलेला असतो आणि अर्धे सभासद खुर्च्या मागे सरकवत असतात. त्या फायनलनंतरच्या पहिल्याच सभेत ताई उठल्या आणि म्हणाल्या, “फायनलचा खरा स्कोर एकसष्ट-एकसष्ट आहे. पाच मिनिटं खेळायची बाकी आहेत. नोंद व्हावी.” सेक्रेटरींनी लिहिलं, नोंद घेतली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. सेक्रेटरी बदलले, वडेवाला बदलला, म्हात्रे कप्तानाचा अध्यक्ष झाला, वीसबावीस वर्षं गेली. ताई दर वर्षी उठायच्या. नवीन पोरं हसायची. मीही हसलोय.

एका सभेत म्हात्रेचा तोल गेला. “ताई, तिसऱ्या क्वार्टरचा तो एक पॉइंट. आम्हाला तेव्हा माहीत असतं की मॅच टाय आहे, तर शेवटी आम्ही अजून एक बास्केट टाकला असता.”

“टाकला असता,” ताई म्हणाल्या. “टाकलात का?”

म्हात्रेने सभा संपल्याचं जाहीर केलं.

आणि मग ठाण्याहून क्रीक रायडर्स आले. व्यावसायिक लीग, पगारी खेळाडू, दोन तर परदेशातले. त्यांच्याकडे सगळं होतं, फक्त भूतकाळ नव्हता. तो शोधत त्यांचा मॅनेजर रोहन मोहन्याला आला. पंचविशीचा, गोड बोलणारा. आमचा कप त्याने सगळ्या बाजूंनी फोटो काढून घेतला. त्याचं म्हणणं असं की संघाचं मूळ म्हणून ‘झेप’ला दत्तक घ्यायचं, पुस्तक काढायचं, जर्सीच्या आतल्या बाजूला आमचं नाव छापायचं. त्याबदल्यात आमच्या मैदानाला नवीन फरशी आणि वर पत्र्याचं छप्पर. त्याने वरच्यांना ‘जिल्हा विजेतं मंडळ’ असंच सांगितलेलं होतं.

ती फरशी आम्हाला किती हवी होती हे सांगायला पाहिजे. आमचं मैदान चार महिने शेवाळलेलं असतं. आणि फरशी सगळ्यात जास्त हवी होती ती ताईंना. निवृत्तीनंतर त्यांनी मुलींचा संघ पुन्हा उभा केला होता. घरोघरी जाऊन, आयांशी भांडून, चौदा मुली जमवलेल्या. आदल्या पावसाळ्यात त्यातल्या दोघी घसरून पडल्या, एकीच्या हनुवटीला टाके पडले आणि तिच्या वडिलांनी तिचं खेळणं बंद केलं. ताई त्या वडिलांकडे चार वेळा जाऊन आल्या होत्या.

मी इतिहास लिहिला आणि तपासायला ताईंकडे घेऊन गेलो, कारण सगळे आकडे त्यांच्या कपाटातले. त्यांनी लाल पेन घेतलं, चष्मा पुसला आणि ओळन् ओळ वाचली. माझं शुद्धलेखन दोन ठिकाणी सुधारलं. मग ‘जिल्हा विजेते’ या शब्दांवर पेन टेकवलं.

“हे काढ.”

“ताई, यावरच फरशी येणार आहे.”

“माहितीय मला.”

“पोरींसाठी तरी.”

“मला फरशी नकोय असं वाटतं का तुला?” त्यांचा आवाज चढला. तो चढल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. “त्या पोरीचा बाप मला दारात उभी करतो. पण उद्या त्या पोरी खेळतील आणि मी त्यांना सांगणार, पंचाचा हात बघा, खरं लिहा. आणि पायाखाली काय, तर माझा खोटा गोल?”

“मग काय करायचं?”

“खेळा. पाच मिनिटं बाकी आहेत. जिंकलात तर लिही विजेते, टायटल मोठ्या अक्षरात छाप.”

मला वाटलं, बोलून मोकळ्या झाल्या. पण त्यांनी अंबरनाथच्या जुन्या कप्तानाचा, सलीम शेखचा, नंबर शोधून काढला. त्या पंचांना डोंबिवलीत गाठलं. पंच निवृत्त झाले होते, पण माझा रेषेवरचा पाय त्यांना आठवत होता. सगळं ठरवून झाल्यावर ताईंनी म्हात्रेला कळवलं की अंबरनाथ येत्या रविवारी सकाळी साडेनऊला येतंय.

म्हात्रे भडकला. कोणी जाणार नाही म्हणाला.

“नका येऊ,” ताई म्हणाल्या. “पंधरा मिनिटं वाट बघेन. मग नियमाप्रमाणे अंबरनाथला वीस-शून्य लिहीन.”

रोहनला मात्र कल्पना आवडली. पण तो पोरगा प्रामाणिक होता, त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, “सर, जिंकलात तर भारी स्टोरी आहे. हरलात तर मला ठाण्यातलं दुसरं मंडळ बघावं लागेल. वर मी चॅम्पियन क्लब बोललोय.” हे मी ताईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरोबर आहे त्याचं.”

रविवारी आम्ही सगळे आलो. वीस-शून्य कोणाला परवडणार? नियम ताईंनी वाचून दाखवले. जुन्या कागदावर ज्यांचे नंबर आहेत तेच खेळतील. आमच्याकडचा एक वारलेला, दोघं परदेशात, काही नागपूर-नाशिककडे. सात उरलो. अंबरनाथचे सहा. ओव्हरटाइम म्हणजे त्याच सामन्याचा पुढचा भाग, त्यामुळे जुने फाउल तसेच चालू. म्हात्रे नवीन बूट घालून, पोट आत घेऊन उभा होता.

“चार नंबर, तुम्ही खेळू शकत नाही.”

“काय?”

“तुमचे पाच झालेत.”

“ताई, त्याला वीस वर्षं झाली.”

“झाली ना. पण फाउल पुसले गेले असं कुठे लिहिलेलं नाहीये.”

लोक हसले. म्हात्रे नाही हसला. तो अध्यक्षांच्या खुर्चीत जाऊन बसला. माझे चार फाउल होते, म्हणजे एकाची उधारी. तेरा मुली कठड्यावर ओळीने बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर आम्ही अर्धे टक्कल पडलेले, गुडघ्याला पट्टे बांधलेले लोक पळायला लागलो.

पहिलं मिनिट कोणाचाच बॉल रिंगला लागेना. मग आमच्या नऊ नंबरने एक टाकला. त्रेसष्ट-एकसष्ट. मुली ओरडल्या. मला वाटलं, होतंय. खरंच वाटलं. फरशी दिसायला लागली मला. आणि पुढच्याच धावेत सलीम माझ्या डावीकडून निघाला, मी हात टाकला, शिट्टी वाजली. पाचवा. दोन मिनिटंसुद्धा टिकलो नाही. मी टेबलाशेजारच्या बाकावर येऊन बसलो, त्यामुळे पुढचं सगळं मला ताईंच्या बाजूनेच दिसलं. सलीमने दोन्ही फ्री थ्रो घातले. बरोबरी. मग आमच्या आणखी एकाच्या पोटरीत गोळा आला आणि तो मैदानातच बसला. बदली उरला नव्हता. आमचे चार आणि त्यांचे पाच. अंबरनाथचा एक जाडा माणूस, तो बहुतेक उभाच होता, त्याने उभ्याउभ्या तीनचा टाकला.

मी ताईंकडे बघत होतो. त्यांनी पंचांची तीन बोटं बघितली, रेघ मारली, गोल केला. पण ओठ गच्च मिटलेले होते आणि मानेची शीर दिसत होती. आम्ही जिंकावं असं त्या मैदानावर सगळ्यात जास्त त्यांना वाटत होतं. हे मला त्या दिवशी कळलं आणि इतक्या वर्षांच्या हसण्याची लाज वाटली.

सहासष्ट-त्रेसष्ट. हरलो.

म्हात्रे तरातरा टेबलापाशी आला. “झालं समाधान? गेली पोरींची फरशी.”

ताई बेरीज करत होत्या. त्यांनी ती पुन्हा एकदा केली. पंचांनी या वेळी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मग सही केली. रोहन एव्हाना फाटकाबाहेर कोणाशी तरी फोनवर बोलत होता. ताईंनी कप पुढे सरकवला. सलीम शेख लंगडत आला, कपाकडे बघून जरा ओशाळला.

“ताई, खरं सांगू? आम्ही तर विसरलेलो. तुमचा फोन आला तेव्हा कुठली मॅच तेच आठवेना मला.”

ताईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. “तुम्ही खेळलेलात,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला विसरता येतं. मी लिहिलेलं.”

सलीमने कप बाजूला ठेवला आणि वाकून ताईंच्या पाया पडला. ताईंनी त्याला दंडाला धरून उठवलं, तेव्हा त्यांचे डोळे भरलेले मी बघितले. पुढे क्रीक रायडर्स बंद पडले म्हणून ताई बरोबर ठरल्या असं काही लोक आता म्हणतात. मला ते पटत नाही. तो संघ शंभर वर्षं चालला असता आणि मोहन्याच्या मैदानावर सागवानाची फरशी पडली असती, तरी ताई बरोबरच होत्या.

त्यानंतरही त्या भेटत राहिल्या, पण मला आठवतात त्या त्याच सकाळच्या. त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला, टेबल स्वतःच ओढत बाजूला नेलं आणि कठड्याकडे वळल्या. तेरा मुली चेहरे पाडून बसल्या होत्या.

“काय बसलात? दहाला प्रॅक्टिस आहे. दहा वाजून गेले.”

मुली एकमेकींकडे बघत उठल्या. एकीने बॉल आपटला, दुसरी रिंगकडे धावली आणि मग सगळ्याच त्या सिमेंटवर उतरल्या. म्हात्रे तोवर जाऊन मैदानाच्या मधोमध उभा राहिला होता. त्याला बाजूला व्हावं लागलं.